एसयूव्ही असूनही गाडी खालून घासते? आधी नेमकं काय टेकतं ते शोधा

तक्रार ठरलेली असते. ब्रोशरवर ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १९० किंवा २०० मिमी छापलेला, एकट्याने चालवताना गावातले सगळे ब्रेकर सुटतात, आणि चतुर्थीला घरची माणसं, बॅगा, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळं-पानांच्या छताचं) सामान घेऊन मूळ घरी निघालं की त्याच ब्रेकरवर खालून ‘खर्र’. मग एक जण स्प्रिंगमध्ये रबर घालायला सांगतो, दुसरा मोठे टायर टाकायला. दोन्ही उपाय महागडे, आणि निम्म्या वेळा निरुपयोगी, कारण घासणारी वस्तू भलतीच असते.

आवाज कसला आहे?

कोरडा, लांबलेला ‘खर्रर्र’ म्हणजे बहुधा प्लास्टिक: पुढच्या बंपरखालची रबरी पट्टी नाहीतर इंजिनखालचं अंडरकव्हर. धातूचा ‘कर्र-टण्’ आला तर सायलेन्सरचा पाइप, त्याचा जोड किंवा मधला क्रॉसमेंबर (गाडीच्या दोन बाजू जोडणारी आडवी पट्टी). आणि खरचटल्याचा आवाज नसून नुसता ‘ठप्प’ असा दणका बसला, तर बऱ्याचदा जमिनीला काही लागलेलंच नसतं. सस्पेन्शन पूर्ण दाबलं जाऊन बंप स्टॉपवर (त्याला शेवटी अडवणाऱ्या रबरावर) आपटलेलं असतं. हा तिसरा प्रकार क्लिअरन्सचा नाहीच, तो शॉकअ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंग आणि वजनाचा आहे. त्यावर स्पेसर (उंची वाढवायला घालायचा तुकडा) लावून काही उपयोग नाही.

खात्री करायला सोपी युक्ती आहे. घराच्या गेटवर किंवा वाड्यावरच्या कमी रहदारीच्या ब्रेकरवर गाडी घासत असेल, तर उंचवट्याच्या माथ्यावर ओल्या चुन्याचा किंवा पाण्यात कालवलेल्या रांगोळीचा जाडसर पट्टा ओढा, गाडीच्या पूर्ण रुंदीएवढा. नेहमीच्या वजनासह, नेहमीच्या वेगाने गाडी त्यावरून न्या. मग टॉर्च घेऊन खाली वाका. पांढरा डाग जिथे, तिथे घासतं. ब्रेकरच्या पट्ट्यात कुठल्या बाजूला ओरखडा उठलाय तेही बघा, डावी-उजवीकडचा फरक त्यातून कळतो. हे करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. नीट बघायचं तर मेस्त्रीकडच्या लिफ्टवर.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार

तो असतो अंडरकव्हर. इंजिनखालचं हे काळं प्लास्टिक पुश क्लिप आणि काही बोल्टवर टांगलेलं असतं. ऑइल बदलताना ते खाली उतरवतात, आणि बसवताना दोन-तीन क्लिप तुटल्या की तशाच राहून जातात. पहिल्या पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी गेली की पाण्याचा जोर कव्हरच्या पुढच्या कडेवर येतो. ही कड बंपरच्या खालच्या ओठाच्या आत, वरच्या बाजूला खोचलेली असायला हवी. ती बाहेर निसटून खाली आली तर सुपासारखी पुढून पाणी ओढून घेते, कव्हर लोंबतं आणि ३०-४० मिमी खाली येऊन प्रत्येक रंबलरवर (रस्त्यावरच्या लागोपाठच्या छोट्या उंच पट्ट्यांवर) घासायला लागतं. मालकाला वाटतं गाडी बसली.

उपाय: सगळ्या जागच्या क्लिप मोजा, भोकाच्या मापाच्या क्लिप घ्या, डझनभर जास्तीच्या घेऊन डिकीत ठेवा. कव्हरची भोकं फाटून मोठी झाली असतील तर क्लिपखाली रुंद वॉशर टाका. केबल टाय हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे, कायमचा नाही, कारण खाली गरम सायलेन्सरच्या जवळ तो सैल पडतो. पुढची रबरी पट्टी मात्र घासण्यासाठीच केलेली असते. ती वाकते, परत सरळ होते. ‘सारखी लागते’ म्हणून काही जण कापून टाकतात. रेडिएटरकडे हवा वळवण्याचं कामही बऱ्याच गाड्यांत तिच्याकडे असतं, त्यामुळे चोर्ला किंवा अनमोड घाटात एसी लावून चढताना तिची गरज लागते. कापू नका.

दुसरा संशयित सायलेन्सरची टांगती रबरं. ती रबरं उष्णतेने ताणली जातात, चिरतात, आणि पाइप दोन-तीन सेंटिमीटर खाली येतो. हाताने (थंड असताना) पाइप हलवून बघा. सहज लोंबकळत असेल तर सगळी रबरं एकदमच बदला, एकच नवं बसवलं की बाकीची जुनी सैल असल्याने वजन त्या एकट्यावर येतं. डिकीखाली स्टेपनी टांगलेल्या गाड्यांत स्टेपनीची साखळी पूर्ण ओढलेली आहे का तेही पाहायचं. पंक्चर काढल्यावर ती अर्धवट राहणं नेहमीचंच.

छापलेला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा

कंपनी जो आकडा देते तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. यात सरकारी हिशेबही मिसळला आहे. एसयूव्हीवरच्या उपकरासाठी ४००० मिमीपेक्षा जास्त लांबी, १५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन आणि १७० मिमी किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स अशी व्याख्या होती, आणि हा क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा, असं जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे करासाठी मोजलेली उंची आणि पाच माणसं बसल्यावरची उंची या दोन वेगळ्या गोष्टी. काही कंपन्या भरलेल्या गाडीचा आकडा देतात, त्यामुळे दोन ब्रोशरची तुलना करताना बारीक अक्षरं वाचा.

भरल्यावर किती खाली जाते? पाच माणसं प्रत्येकी ६५ किलो आणि ६० किलो सामान धरलं तर जवळपास ३८५ किलो. त्यातले अंदाजे २४० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर येतात. मागच्या प्रत्येक चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मिमी धरला तर मागची बाजू ४५ मिमीच्या आसपास बसते. पुढची बाजू १०-१५ मिमी. म्हणजे गाडीचा मधला भाग ३० मिमी खाली, १९० चे उरले १६०. त्यात टायर झिजलेले असले तर आणखी ५-६ मिमी जातात, कारण नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि कायद्याची शेवटची मर्यादा १.६ मिमी. हवा कमी असेल तर त्यातही भर. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा वेगळा, जास्त पीएसआय (हवेचा दाब) दिलेला असतो. लांब जायच्या दिवशी तोच भरायचा, आणि टायर थंड असताना.

तुमच्या गाडीचा खरा आकडा घरीच काढता येतो. सपाट फरशीवर गाडी उभी करा, माणसं आत बसवा. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या १८०, १६० आणि १४० मिमी उंचीच्या कापा, लांब काठीला उभ्या चिकटवा आणि बाजूने आत सरकवत न्या. कुठल्या उंचीची पट्टी पहिल्यांदा कशाला अडते ते लिहून ठेवा.

स्प्रिंग बसल्या आहेत का

चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत उभं माप घ्या, चारही चाकांचं, रिकामी गाडी, सपाट जागा. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर कारण शोधायला हवं. किनारपट्टीत एक गोष्ट मुद्दाम बघायची: स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं. ते खालच्या बशीत बसतं, तिथे लाल माती आणि खारा ओलावा साचून राहतो, रंग सुटतो, गंज खात जातो, आणि एक दिवस शेवटचं अर्धं वेटोळं तुटतं. गाडी चालत राहते, फक्त तो कोपरा १५-२० मिमी खाली बसतो आणि वळताना कधीतरी ‘टण्’ होतं. तुटलेलं टोक टायरला लागू शकतं, म्हणून असं दिसलं की गाडी थांबवायची. स्प्रिंग नेहमी जोडीने बदला. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्याला चिकटलेली माती दिसली तर तेही जोडीने. बंप स्टॉप म्हणजे पिवळसर किंवा काळं फोमसारखं रबर. हात लावल्यावर त्याचा भुगा पडत असेल, तर ‘ठप्प’ आवाजाचं उत्तर मिळालं.

ब्रेकर

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, १७ मीटर त्रिज्येचा सौम्य घुमट. अशा ब्रेकरवर एसयूव्ही सोडाच, साधी हॅचबॅकही टेकत नाही. अडचण गावातल्या उभट ब्रेकरची: १५० मिमी उंच आणि जेमतेम पाऊण मीटर रुंद. इथे पुढची चाकं उतरून जातात आणि अख्खा उंचवटा पोटाखाली येतो. भरलेल्या गाडीचे १६० उरले असतील तर हातात फक्त १० मिमी, आणि ते आपण ब्रेक दाबून घालवतो. ब्रेक लागला की नाक खाली जातं.

म्हणून वेग आधीच कमी करा, आणि पुढची चाकं चढायला लागण्यापूर्वी ब्रेक पूर्ण सोडा. पहिला गिअर, क्लच अर्धा न धरता हळू ओढू द्या. ऑटोमॅटिकमध्ये गाडी आपोआप सरकते तेवढंच पुरे. उतरतानाही ब्रेक नको, नाहीतर मागची चाकं माथ्यावर असताना पुढची बाजू दाबलेली राहते. लागोपाठ दोन ब्रेकर असतील तर पहिल्यानंतर गाडीची उसळी शांत होईपर्यंत दुसऱ्यावर जाऊ नका. रस्ता मोकळा असेल तर तिरकी न्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं आणि पोट सरळ आपटत नाही. समोरून कदंबची बस येत असताना तिरकं जायचा हट्ट मात्र नको.

घराच्या गेटचा उतार

गोव्यातल्या कित्येक घरांचा खरा त्रास हाच. रस्त्यावर डांबरी हॉटमिक्सचे थर चढत गेले, रस्ता वर आला, अंगण खाली राहिलं. मध्ये गटार आणि त्यावर स्लॅब. रस्त्याची सपाटी संपून उतार सुरू होतो त्या धारेवर गाडीचं पोट टेकतं. इथे क्लिअरन्सइतकाच व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) महत्त्वाचा. २६१० मिमी व्हीलबेस आणि १९० मिमी क्लिअरन्स असेल तर गाडी साधारण १६.६ अंशांची धार ओलांडते. भरून १६० मिमी उरले की १४ अंश. आणि १ ला ४ चा (४ मीटरला १ मीटर उतरणारा) उतार म्हणजे बरोबर १४ अंश. ‘रिकामी असताना जाते, भरल्यावर घासते’ याचं गणित एवढंच आहे. सात सीटच्या लांब गाडीत व्हीलबेस वाढतो, म्हणून तिच्या ब्रोशरवर तितकाच आकडा असूनही ती आधी टेकते.

गाडीला हात लावण्यापेक्षा उतार बदलणं स्वस्त पडतं. समजा अंगण रस्त्यापेक्षा ५०० मिमी खाली आहे आणि आज २ मीटरमध्ये १ ला ४ ने उतरता. तोच उतार ३ मीटरचा करा: वरचा १ मीटर १ ला ८ ने, मधला १ मीटर १ ला ४ ने, खालचा १ मीटर परत १ ला ८ ने. उतरण तेवढीच, पण धारेचा पोटात शिरणारा उंचवटा १६० मिमीवरून १०० मिमीच्या आसपास येतो. खालचा हलका टप्पा बंपरसाठी आहे. तो नसेल तर पोट सुटतं आणि नाक टेकतं.

काँक्रीट १००-१२५ मिमी जाड घाला, खाली जांभ्याचा चुरा नीट ठोकून. वरच्या पृष्ठभागावर ओलं असताना झाडूने आडव्या रेघा ओढा, नाहीतर जुलैत शेवाळ धरून चाकं घसरतील. गटार बुजवायचं नाही. जड जाळी किंवा काढता येणारा स्लॅब ठेवा, आणि गटार व रस्त्याची कड पंचायत किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याची असल्याने तिथे काही करण्याआधी विचारून घ्या. वाढीव मीटर तुमच्या अंगणात घ्यायचा, रस्त्यावर नाही. काम होईपर्यंत ५० मिमी जाडीच्या, २५० मिमी रुंद दोन फळ्या धारेच्या अलीकडे-पलीकडे चाकांच्या रेषेत टाकून भागतं. फळ्या सरकणार नाहीत हे बघा.

फेरीबोट, चाकोऱ्या आणि चिरे

रायबंदर–चोडण किंवा जुने गोवे–दिवाडी फेरीवर गाडी चढवताना सुकती (ओहोटी) असेल तर धक्क्याचा उतार जास्त लांब उघडा पडतो आणि बोटीच्या फळीचा कोन वाढतो. उतार संपून फळी सुरू होते तिथल्या खोबणीत बंपर टेकतो, आणि फळी संपून डेक लागतो तिथे पोट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात खाली जातं. मागच्या सीटवरच्यांना उतरवून चढवा, नुसत्या त्याने मागची बाजू काही सेंटिमीटर उचलली जाते. चढता-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून गेली तर घरी येऊन खालून साध्या पाण्याने धुवा, विशेषतः स्प्रिंगच्या बशा आणि ब्रेक पाइपच्या क्लिपा.

अरुंद रस्त्यावर बाजू देताना डांबराची कड सोडून डावी चाकं साइडपट्टीत उतरतात. पावसानंतर ही पायरी १०० ते १५० मिमीची होते आणि दाराखालची कड डांबरावर घासते. परत वर येताना कडेला समांतर घासत चढू नका, वेग अगदी कमी करून चाक जरा ठळक कोनात चढवा.

चाकोरी पडलेल्या मातीच्या रस्त्यावर चाकं चाकोरीत गेली की मधली वरंबी पोटाला लागते. एक बाजूची चाकं वरंबीवर आणि दुसरी कडेवर, असं जा. आणि रस्त्यात पडलेला चिरा (जांभ्याचा दगड) कधीही दोन चाकांच्या मध्ये घेऊ नका. बिघडलेल्या ट्रकच्या चाकाला लावलेले चिरे तसेच सोडून जातात. आडवा पडला तरी तो सहा-सात इंच, म्हणजे १५० ते १७५ मिमी असतो. भरलेल्या गाडीचा क्लिअरन्स आठवा.

उंची वाढवणारे उपाय: कुठला चालतो

टायर: उंची वाढते ती व्यासातल्या फरकाच्या निम्मी. २१५/६० आर१६ चा व्यास ६६४ मिमी, २०५/६५ आर१६ चा ६७३. फायदा जेमतेम ४ मिमी. मोठी रिम आणि पातळ टायर लावल्याने व्यास तोच राहतो, फायदा शून्य, वर खड्ड्यात रिम वाकायची सोय.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायची रबरं लोकप्रिय आहेत, आणि आमच्या मते सगळ्यात वाईट सौदा. ती दोन वेटोळी बांधून टाकतात, स्प्रिंग कडक होते, ताण उरलेल्या वेटोळ्यांवर जातो, आणि रबराखाली ओल धरून गंज तिथेच सुरू होतो. स्ट्रटवरचे (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्र जोडणीवरचे) स्पेसर १५-२० मिमीपर्यंत खरी उंची देतात. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा दुरुस्त करणं आलंच, आणि चाकं पूर्ण लोंबत्या स्थितीत ब्रेकची रबरी नळी व एबीएसची वायर ताणली जात नाही ना, ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन फार वाढला नाही ना, हे लिफ्टवर तपासायचं. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. मागची बाजूच बसत असेल तर कंपनीच्याच नव्या स्प्रिंग जास्त काम करतात.

लोखंडी गार्ड उंची देत नाही, उलट थोडी खाते. ३ मिमी पत्र्याचा अर्धा चौरस मीटरचा गार्ड जवळजवळ १२ किलोचा होतो. रोज कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यालाच त्याचा उपयोग. ऑइल काढायचं भोक आणि पाणी निचरायच्या फटी असलेलाच घ्या, आणि पावसाळा संपला की उतरवून आतला चिखल काढा.

जोरात लागलंच तर

जागा सुरक्षित बघून थांबा, इंजिन बंद करा, पाच मिनिटांनी खाली पाहा. स्वच्छ पाण्याचे थेंब एसीचे, दमट हवेत ते पडतातच. तपकिरी-काळं आणि चिकट असेल तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, पेट्रोल-डिझेल वासावरून कळतं. ऑइलचा लाल दिवा लागला तर एक किलोमीटरसुद्धा चालवायचं नाही, टोइंग बोलवा. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फुटलेलं असताना चालवून इंजिन जाम झालं तर त्या नुकसानीचा दावा साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

गळत नसलं तरी चेंबरला पोचा आलाय का बघा. पत्र्याचं चेंबर आत दबलं की ऑइल ओढणाऱ्या जाळीच्या तोंडाशी येतं, वळणावर किंवा चढावर ऑइल कमी पडतं आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर दबत नाही, तडकतं, आणि बारीक तडीतून थेंब गरम झाल्यावरच येतात. म्हणून गाडी चालवून आल्यावर गरम असतानाच खाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. सोबत ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट, ब्रेक आणि इंधनाचे पाइप, आणि गाडी एका बाजूला ओढते का, हे तपासा. इलेक्ट्रिक गाडीत पोटाखाली बॅटरीच असते. ओरखडा किरकोळ वाटला तरी तिच्या पेटीला पोचा, सुटलेला बोल्ट किंवा डॅशबोर्डवर इशारा दिसला, तर चार्जिंगला न लावता अधिकृत वर्कशॉपमध्ये पेटी तपासून घ्या.